भित्रा नव्हे, गारठलेला

उन्हाळी सुट्टी लागली की पोहण्याच्या वर्गांना गर्दी होते आणि सकाळी साडेसहाच्या बॅचमध्ये एक दृश्य हमखास दिसते. सहा-सात वर्षांचे एक मूल पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभे असते. हात छातीशी घट्ट धरलेले, खांदे वर ओढलेले, हनुवटी थरथरत असलेली. सर तोंड पाण्यात घालायला सांगतात. ते मान हलवते. काठावरून आई समजूत घालते, वडील जरा आवाज चढवतात. आठवडाभरात ‘हा पाण्याला भितो’ असा शिक्का बसतो आणि पुढे कित्येक वर्षे तो पुसला जात नाही. पुष्कळदा ते मूल भ्यालेले नसतेच. त्याला थंडी वाजत असते, एवढेच.

ही गल्लत होण्यामागे शरीराचा एक साधा नियम आहे. गार पाणी अंगाला लागताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो आणि मग काही वेळ श्वास भराभर चालतो. ते कोणाच्या इच्छेवर अवलंबून नसते. बर्फासारख्या पाण्यात धडधाकट प्रौढालाही काही सेकंदांपलीकडे श्वास रोखून धरता येत नाही. पोहण्याचा पहिला धडा मात्र नेमका श्वास रोखण्याचाच असतो. म्हणजे त्या मुलाकडून मागितले जाते तेच, जे त्याचे शरीर त्या क्षणी देऊ शकत नाही. काठावर कोरड्या कपड्यांत उभ्या असलेल्या माणसाला हे उमजणे कठीण असते.

स्वतः पाण्यात उतरलेल्या वडिलांचा अंदाजही चुकतो. ‘मला तर छान वाटते आहे’ हे त्यांचे म्हणणे खरेच असते, पण ते त्यांच्यापुरते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट सुलभतेने उष्णता वाहून नेते आणि ती जाते त्वचेतून. सत्तर किलोच्या प्रौढाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर असते, तर वीस किलोच्या मुलाचे ०.८. दर किलो वजनामागे हिशेब मांडला, तर मुलाची त्वचा प्रौढाच्या दीडपट भरते. तेवढ्याच वेगाने त्याची ऊब पाण्यात जाते आणि ती राखून ठेवणारा चरबीचा थर बहुधा त्याच्याजवळ नसतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात ८ ते १९ वर्षांच्या, पोहण्याचा सराव असलेल्या मुलामुलींना सुमारे २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पोहायला लावले होते. लहान चणीची, अंगाने सडपातळ मुले सर्वांत लवकर गार पडली. त्यामुळे एकाच घरातील दोन भावंडांसाठीही एकच वेळ ठरवता येत नाही. गुबगुबीत धाकटी खुशाल डुंबत असताना काटकुळ्या थोरल्याला बाहेर काढावे लागते.

हात बुडवून पाहण्याची परीक्षाही फसवी आहे. गार हाताला कोमट पाणी ऊन लागते आणि ऊन हाताला तेच पाणी गार लागते, हे निरीक्षण जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे ते सांगायला विहीर पुरे. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही; महाराष्ट्राच्या पठारावर ते साधारण पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास असते. म्हणून डिसेंबरच्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात आणि पाणी उबदार वाटते. मे महिन्याच्या दुपारी तेच पाणी गारेगार लागते. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला आणखी एक गोष्ट माहीत असते: उन्हाने तापलेला वरचा थर हातभरच असतो आणि उडी मारली की पाय एकदम गारठ्यात जातात.

तापलेली हवा तर अधिकच दिशाभूल करते. मे महिन्यात हस्तिनापूरची यात्रा आटोपून अनेक कुटुंबे हरिद्वार-ऋषिकेशला जातात. घाटावर उन्हाचा तडाखा असतो, फरशी पाय भाजते, मुले पाण्याकडे धाव घेतात; आणि ते पाणी हिमालयातील वितळलेल्या बर्फाचे असते. तेथे साखळी धरून दोन डुबक्या मारून बाहेर येणे वेगळे आणि मुलांना अर्धा तास खेळू देणे वेगळे. गार पाण्यात प्रथम बधिर होतात ती बोटे. मुठीतली पकड सैल होते, हातपाय जड होतात, आणि मूल पोहणारे असले तरी काठ चार हातांवर असताना त्याचे बळ संपते. घरातील वडीलधाऱ्यांना काळजी असते सर्दी-पडशाची. सर्दी विषाणूंमुळे होते. पाण्यातला खरा धोका हा हात न चालण्याचा आहे.

मग आकडा कोणता मानावा? स्पर्धेच्या तलावाचे पाणी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ ते २८ अंश असते, पण ते सतत वेगाने पोहणाऱ्यांसाठी. शिकणारे मूल बराच वेळ नुसते उभे असते. त्याला ३० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, तान्ह्या बाळांना ३२. पाणी २५-२६ अंशांवर आले की लहानग्यांचा वेळ पंधरा-वीस मिनिटांवर आणणे शहाणपणाचे. २० अंशांना सडपातळ मुलाने पोहण्याचा हट्ट धरू नये आणि १५च्या खाली तर मुलांना उतरवूच नये. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा तापमापक पुरेसा आहे. फक्त तो कोपरभर खोल धरून दोन मिनिटे थांबावे. उघड्या तलावाचे पाणी रात्रभर निवत असल्याने पहाटे सर्वांत गार आणि उतरत्या दुपारी सर्वांत उबदार असते. तरीही सर्वांत लहान मुलांना सकाळची पहिली बॅच का दिली जाते, हे एक कोडेच आहे!

आकड्यापेक्षाही पाहावे ते मुलाकडे. थंडी वाजते का, असे विचारून उपयोग नाही. खेळात रमलेले मूल ‘नाही’ म्हणते आणि रडवेले मूल काहीच बोलत नाही. ओठांवर जांभळी झाक आली, दात वाजू लागले, बोलके मूल गप्प झाले, नीट मारले जाणारे हात आखडू लागले, की वेळ संपली असे समजावे. बोटांच्या सुरकुत्यांवर मात्र भिस्त ठेवू नये; पाण्यात किती वेळ गेला एवढेच त्या सांगतात. कुडकुडणे हा शरीराचा ऊब निर्माण करण्याचा प्रयत्न असतो. ते आपोआप थांबले आणि मूल पेंगू लागले, अडखळत बोलू लागले, तर ते बरे वाटल्याचे लक्षण मुळीच नव्हे. अशा वेळी त्याला आडवे निजवून, ओले कपडे काढून, कोरड्यात गुंडाळून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग जोराने चोळू नये, गरम पाण्याखालीही धरू नये.

एरवी मूल पाण्याबाहेर आले म्हणजे काम संपले असे होत नाही. त्वचेतले गार झालेले रक्त आत परतते, त्यामुळे बाहेर आल्यावरही काही मिनिटे शरीर आतून निवतच राहते. बाहेर हसत आलेले मूल दहा मिनिटांनी हुडहुडते ते यामुळे. त्यातच त्याला ओल्या केसांनी दुचाकीवर पुढे उभे केले, की वारा उरलेली ऊबही काढून घेतो. पोशाख बदलून, डोके कोरडे करून, कानटोपी घालून, थर्मासमधले कोमट गोड दूध पाजून पंधरा मिनिटे भिंतीच्या आडोशाला बसवावे आणि मग गाडी काढावी.

आणि ज्याच्यावर ‘भित्रा’ म्हणून शिक्का बसला आहे, त्याला एकदा संध्याकाळी पाचच्या बॅचला नेऊन पाहावे.