व्याकरण अचूक, तरी सूर उद्धट

परभाषा शिकणाऱ्याचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असूनही ऐकणाऱ्याला उद्धट वाटू शकते, आणि असे का घडते हा प्रश्न प्रॅग्मॅटिक्स, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगात भाषा कशी वापरली जाते याचा अभ्यास करणारी भाषाविज्ञानाची शाखा, गेली चार दशके तपासत आली आहे. जेनी थॉमस या भाषावैज्ञानिक विदुषीने १९८३ साली या अपयशाचे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्यात बोलणाऱ्याचा हेतू योग्य असतो, पण त्यासाठी निवडलेली वाक्यरचना त्या भाषेत तो हेतू पोहोचवत नाही. दुसऱ्यात समोरच्याशी असलेले नाते किंवा मागितलेल्या गोष्टीचे वजन जोखण्यातच चूक होते. थॉमस यांचे याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की व्याकरण चुकले तर ऐकणारा ते भाषेच्या अपुऱ्या ज्ञानाच्या खात्यात टाकतो, पण विनयाची रीत चुकली तर दोष स्वभावाला चिकटतो. त्यामुळे अडखळत बोलणाऱ्याला जी सूट मिळते, ती अस्खलित बोलणाऱ्याला मिळत नाही.

या संशोधनाचा सैद्धांतिक पाया पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली घातला. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्याकडून त्यांनी ‘फेस’ ही संकल्पना घेतली. तिचा अर्थ चारचौघांत प्रत्येकाला जपावीशी वाटणारी आपली प्रतिमा असा होतो. या प्रतिमेला दोन बाजू असतात: आपण इतरांना हवेसे वाटावे ही एक, आणि आपल्यावर कोणी जबरदस्ती करू नये ही दुसरी. कोणतीही विनंती दुसऱ्या बाजूला थोडा तरी धक्का देते, आणि तो किती मोठा हे दोघांमधील परिचय, अधिकाराचा फरक आणि मागणीचे स्वरूप यांवर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आधारसामग्रीत इंग्रजी आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल यांच्या जोडीला कोइंबतूर भागातील तमिळही होती, हे भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तरीही ‘विनय म्हणजे दुसऱ्याच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ न करणे’ ही त्यातील कल्पना फारच पाश्चात्त्य आहे, अशी टीका साचिको इदे यांच्यासारख्या जपानी अभ्यासकांनी केली. जपानीत योग्य रूप निवडणे हा बोलणाऱ्याच्या डावपेचाचा भाग नसून आपले स्थान ओळखून वागण्याचा भाग असतो, असे त्यांनी दाखवले. ही टीका मराठीलाही बरीच लागू पडते.

मराठीत आदराचा मोठा भार सर्वनामे आणि क्रियापदांचे प्रत्यय वाहतात. ‘तू बस’, ‘तुम्ही बसा’, ‘आपण बसावे’ या पायऱ्या कोणत्याही मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतात, आणि म्हणूनच ‘सर, जरा इथे सही करा’ हे वाक्य आज्ञार्थी असूनही कोणाला खटकत नाही. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून जवळिकीचे एकवचनी सर्वनाम केव्हाच गेले; आता साहेबाला आणि शिपायाला एकच ‘यू’ उरल्यामुळे आदर वाक्याच्या घडणीतूनच दाखवावा लागतो. आज्ञार्थाऐवजी प्रश्न येतो, ‘कॅन’च्या जागी ‘कुड’ येते आणि मागणी मोठी असेल तर आधी ‘आय वॉज वंडरिंग इफ’ असे आणखी एक उपवाक्य जोडले जाते. यातील भूतकाळ कालची गोष्ट सांगत नाही. तो मागणी आणि श्रोता यांच्यात थोडे अंतर ठेवतो, जेणेकरून नकार देणे सोपे जावे. मराठीला ही युक्ती परकी नाही, कारण ‘तुमच्याकडे एक काम होतं’ असे म्हणत दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे काम संपलेले नसते, ते आत्ताच सुरू व्हायचे असते. साधन ओळखीचे असूनही विद्यार्थी ते इंग्रजीत नेत नाही, याचे एक कारण बहुधा असे, की वर्गात भूतकाळ फक्त घडून गेलेल्या गोष्टींसाठी शिकवला जातो.

शिकणारे ही उणीव कशी भरून काढतात, हे युरोपातील आणि इस्रायलमधील संशोधनातून दिसले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरभाषिक प्रकल्पात, स्वयंपाकघर घाण करून ठेवणाऱ्या खोलीतील सोबत्याला किंवा रस्त्यात मोटार लावणाऱ्या चालकाला काय म्हणाल, अशा अपुऱ्या संवादांत वाक्ये भरून घेतली गेली. (कागदावर लिहिताना माणूस प्रत्यक्षापेक्षा शहाणा होतो, ही या पद्धतीची जुनी मर्यादा आहे.) त्यातून क्लाउस फेर्च आणि गाब्रिएले कास्पर यांना असे आढळले, की डॅनिश विद्यार्थी ‘प्लीज’चा वापर मूळ भाषकांपेक्षा जास्त करतात, कारण हा एकच शब्द विनंतीची खूणही देतो आणि ती मऊही करतो. शोशाना ब्लूम-कुल्का आणि एलिट ओल्श्टेन यांनी हिब्रू शिकणाऱ्यांत आणखी एक गोष्ट नोंदवली: नवशिक्याची विनंती आखूड असते, मधल्या टप्प्यावरचा विद्यार्थी कारणे आणि सबबी देत ती लांबवत नेतो, आणि प्रावीण्य वाढल्यावर ती पुन्हा आटोपशीर होते. हा पाल्हाळ म्हणजे प्रगतीचीच खूण आहे, हे शिक्षकांनी ओळखायला हवे.

मात्र प्रसंगाला काय शोभते याची जाण आपोआप येत नाही. कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग आणि झोल्तान डॉर्न्येई यांनी १९९८ साली हंगेरीत आणि अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्यांना चित्रित संवाद दाखवून त्यांतील चुका जोखायला सांगितल्या, तेव्हा हंगेरीतील विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही व्याकरणाच्या चुका अधिक गंभीर वाटल्या, तर अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना प्रसंगाला न शोभणारे बोलणे अधिक खटकले. परीक्षा ज्याला गुण देते तेच डोळ्यांना दिसते, असा याचा अर्थ लावणे वावगे ठरणार नाही.

भारतात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण येथील इंग्रजीने आपली शिष्टाचाराची रीत स्वतः घडवली आहे. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे भारतीय कार्यालयांत पूर्णपणे सभ्य वाक्य लंडनमध्ये जुनाट आणि काहीसे हुकमी वाटू शकते. म्हणून ते चूक ठरत नाही, फक्त त्याचा पल्ला मर्यादित ठरतो. त्यामुळे महाराष्ट्रातील इंग्रजीच्या वर्गात मुलांना परदेशी नम्रता घोकायला लावण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक संवादाच्या वर, कोण कोणाशी आणि कशासाठी बोलत आहे एवढे लिहावे, आणि तीच मागणी मित्राकडे, मुख्याध्यापकांकडे आणि अनोळखी माणसाकडे करताना वाक्य कसे बदलेल हे मुलांकडून करून घ्यावे. त्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याची गरज नाही.