चेन ऑइलर: समज जास्त, माहिती कमी

पावसाळ्यात कोकणातून परतलेल्या मोटरसायकलची चेन एका रात्रीत तांबूस दिसू लागते. पावसाने आणि चिखलाने वरचं तेल धुऊन नेलेलं असतं. गाडी चालू असताना चेनला आपोआप तेल देणारा ऑइलर अशा वेळी फार उपयोगी पडतो. पण तो बसवायचं ठरवलं की चहूबाजूंनी सल्ले मिळतात आणि त्यांतले बरेच चुकीचे असतात.

‘हे नवं खूळ आहे,’ हा त्यातला एक. होंडाने 1969 साली आणलेल्या सीबी 750मध्ये कारखान्यातूनच ही सोय होती. कावासाकीच्या झेड 1ला तर चेनच्या तेलाची वेगळी टाकी होती. पुढे ओ-रिंगच्या चेन आल्या आणि या सोयी मागे पडल्या.

तिथूनच सर्वांत महागात पडणारा गैरसमज पसरला: ओ-रिंगच्या चेनला तेल लागतच नाही. या रबरी रिंगांनी कोंडून ठेवलेलं ग्रीस पिन आणि बुश यांच्यामध्ये असतं. बुशवर फिरणारा रोलर आणि स्प्रॉकेटचे दात यांच्यापर्यंत ते पोचत नाही. शिवाय रिंगा कोरड्या पडून फाटल्या की आतलं ग्रीसही जातं. त्यामुळे बाहेरचं तेल हवंच.

‘तेल टायरवर उडेल आणि गाडी घसरेल’ ही भीती मात्र निराधार नाही. दोष असतो तो बहुतेकदा सेटिंगचा. स्कॉटलंडच्या स्कॉटऑइलरचा एक प्रकार इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन सुरू झालं की झडप उघडते, बंद झालं की मिटते. तेल सलाइनसारखं ठिबकतं, मिनिटाला साधारण एक-दोन थेंब. नळीचं टोक मागच्या स्प्रॉकेटला टेकलेलं असतं आणि चाकाच्या वेगाने तेल बाहेर दातांकडे सरकतं. एवढंसं तेल चेनवरच राहतं. ‘जास्त तेल म्हणजे जास्त आयुष्य’ असं समजून धार वाढवली, की ते रिमवर आणि टायरवर जाणारच.

इथे हवामानाचाही हिशेब आहे. तापलेलं तेल पातळ होऊन भरभर गळतं, म्हणून हिवाळ्यात महाबळेश्वरला केलेली सेटिंग मे महिन्यात नागपूरला चालत नाही. स्कॉटऑइलर उष्ण हवेसाठी वेगळं तेल विकते, ते याच कारणाने.

ऑइलरच्या टाकीत इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल भरणं हा आपल्याकडचा खास उद्योग. त्यातली काजळी आणि धातूचा बारीक चुरा चेन झिजवतो, बारीक नळीही तुंबवतो. फुकट मिळतं म्हणून ते वापरू नये.

ऑइलर बसवला म्हणजे चेनकडे बघायला नको, हेही खोटं. चेन ढिली झाली आहे का, चाक सरळ आहे का, दात झिजलेत का, हे त्याला कळत नाही. टाकी रिकामी झाली तर चेन कोरडीच धावते. चिखल धुवायचं कामही हातानेच करावं लागतं.

रोज दहा-वीस किलोमीटर जाणाऱ्या, पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाडीला ऑइलरची गरज नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं तेल वेळच्या वेळी दिलं की पुरे. उघड्या चेनची गाडी घेऊन लांबवर, पावसापाण्यात फिरणाऱ्यांनी तो जरूर बसवावा. पहिल्या फेरीनंतर मात्र मागच्या टायरची कड बोटाने तपासा आणि ओशट लागली तर टायर पुसून धार लगेच कमी करा.