स्वाध्यायाची सूचना लिहिताना

वर्गात हात वर करून ‘म्हणजे नेमकं काय करायचं?’ असं विचारता येतं. ऑनलाइन शिकणारी शिक्षिका रात्री ११ वाजता मोबाइलसमोर एकटीच असते. ‘अपूर्णांक शिकवण्यावर विचार करा’ एवढ्यावरून तिने काय पाठवायचं? त्याऐवजी लिहावं : ‘भाकरीचे तुकडे वापरून अर्धा आणि पाव समजावणारी १० मिनिटांची कृती एका पानात लिहा, हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल.’

शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच शिकण्याच्या उद्दिष्टाची तीन अंगं सांगितली : दिसेल अशी कृती, ती करण्याची परिस्थिती आणि किती जमलं म्हणजे पुरे. स्वाध्यायाच्या सूचनेतही हीच तीन अंगं हवीत, पण तिसरं लिहायचं राहूनच जातं. गुण कशाला मिळणार, हे आधी कळणं हा शिकणाऱ्याचा हक्कच आहे. सूचना आधी सहकाऱ्याला वाचायला द्यावी. त्याला पडलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सूचनेतच घालावं.