शस्त्रक्रियेतील चरबी प्रयोगशाळेत कशासाठी?

प्रतिनिधी

नांदेड, लातूर : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेड-लातूरकडील रुग्ण पुणे, मुंबई किंवा हैदराबादची वाट धरतो, तेव्हा त्याच्यापुढे कधी कधी दोन संमतीपत्रे येतात. एक शस्त्रक्रियेचे, दुसरे संशोधनासाठी नमुने देण्याचे. पहिल्यावर सही करणे अपरिहार्य असते. दुसऱ्यावर मुळीच नाही. हा फरक प्रत्येक रुग्णाला ठाऊक असायला हवा.

चरबी म्हणजे निव्वळ साठवलेले इंधन, ही समजूत १९९४ मध्ये मोडीत निघाली. अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. चरबीच्या पेशीच ते स्रवतात आणि शरीरात साठा किती आहे, याचा निरोप मेंदूला देतात. त्वचेखालची चरबी आणि आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबी, म्हणजेच वपा, यांचे वर्तनही वेगवेगळे असते. वपेतील वाढ मधुमेह व हृदयविकाराला अधिक निमंत्रण देते. जिवंत माणसाची वपा केवळ अभ्यासासाठी पोट उघडून घेता येत नाही. शस्त्रक्रियेत मात्र ती सर्जनच्या समोरच असते. म्हणून दोन्ही प्रकारच्या चरबीचे लहान तुकडे, रक्त, विष्ठा व काही वेळा यकृताचा कण घेतला जातो. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत कापून काढलेला जठराचा भागही अभ्यासता येतो. हे नमुने तातडीने गोठवून उणे ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवतात.

परदेशातील नमुन्यांवरून आपले निदान का होत नाही, याचे उत्तर पुण्यातून मिळाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) २२.३ असा एकच. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय ठेवण आहे. तिचे कोडे भारतीय ऊतींवाचून सुटणारे नाही.

अर्थात, विज्ञानाची गरज मोठी असली तरी रुग्णाचा अधिकार लहान होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासास नैतिकता समितीची मान्यता लागते आणि माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. नकार दिल्यास किंवा पुढे संमती मागे घेतल्यास उपचारात उणेपणा येता कामा नये. यकृताचा कण घेताना रक्तस्रावाचा अल्प धोका असतो, हेही आधी सांगितले गेले पाहिजे.

मराठवाड्यापुढे आणखी एक अडचण आहे. एकाच रुग्णाचे शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि काही महिन्यांनंतरचे नमुने ताडून पाहिले, तरच बदल कळतो. परंतु केवळ रक्त देण्यासाठी पुन्हा रात्रभराचा प्रवास कोण करणार? दूरचे रुग्ण असे गळत गेले, तर निष्कर्ष महानगरांपुरतेच उरतील. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुढचे नमुने तेथे घेण्याची व्यवस्था झाल्यास ही गळती रोखता येईल.

तोवर रुग्णाने सहीपूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : काय घेणार, कशासाठी, किती वर्षे ठेवणार आणि नाव गुप्त राहणार का? उत्तरे मराठीत मिळाली नाहीत, तर सही थांबवण्यात काहीच गैर नाही.