संकेतस्थळांची वाटचाल आणि मराठी अक्षर

गोंदिया शहराजवळ नागरा नावाचे गाव आहे. प्राचीन शिवमंदिरामुळे ते परिसरात परिचित आहे. या गावाचे नाव रोमन लिपीत एन, ए, जी, आर, ए अशा पाच अक्षरांनी लिहिले जाते. ज्याने हे नाव कधी ऐकलेले नाही, त्याने ते कसे उच्चारावे? नागरा, नगरा, नाग्रा की नग्रा? देवनागरीत हा प्रश्न उद्भवत नाही. संकेतस्थळांचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मराठीच्या अभ्यासकाने मात्र तो वेगळ्या अंगाने पाहावा. ‘नागरा’ हा शब्द पडद्यावर देवनागरीत कधी उमटला, आणि उमटल्यावर तो शोधता येऊ लागला का, हे आपले प्रश्न आहेत.

आरंभीची पाने

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ संस्थेबाहेरच्या लोकांनाही पाहता येऊ लागले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते विदेश संचार निगममार्फत, १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या काळातील पाने एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिली जात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेच या खुणा सांगत. पानाला रूप देण्याची स्वतंत्र सोय नव्हती. म्हणून रचनाकार संपूर्ण पान अदृश्य रेषांच्या तक्त्यात बसवत. सरकत्या ओळी आणि लुकलुकणारी चित्रे यांचीही तेव्हा रेलचेल होती. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

अक्षर की अक्षराचे चित्र?

मराठीपुढील अडचण याहून मूलभूत होती. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. आणि प्रचलित संकेतांत रोमन अक्षरांना क्रमांक होते, देवनागरीला नव्हते. यावर काढलेली तोड चतुर होती. फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचा आकार बसवायचा. वाचकाला पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक मालिकाच राही. मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळे अशीच होती. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा; तो आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा, अन्यथा पानभर अगम्य चिन्हे दिसत. पुढे फॉन्ट पानासोबतच आपोआप येण्याची युक्ती निघाली. परंतु ती विशिष्ट ब्राउझरवरच चाले.

या काळात मराठीत पुष्कळ लिहिले गेले, मात्र शोधयंत्राला त्यातले काहीही वाचता आले नाही. फॉन्ट हरवला की मजकूरही हरवे. छापील ग्रंथ शंभर वर्षांनीही उघडून वाचता येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या या लेखनाविषयी तसे म्हणता येत नाही. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने याची नोंद घेणे आवश्यक आहे.

युनिकोड

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा मानक संकेत १९९१ मध्ये निश्चित झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्याच १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक असतो. ‘नागरा’ हा शब्द म्हणजे न (२३४४), काना (२३६६), ग (२३२७), र (२३५२) आणि पुन्हा काना (२३६६). फॉन्ट कोणताही असो, हे पाच क्रमांक बदलत नाहीत.

आता ‘गोंदिया’ या शब्दातील ‘दि’ पाहा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या आधी टंकावी लागे, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती ‘द’नंतर साठवली जाते, कारण उच्चारात व्यंजन आधी आणि स्वर नंतर येतो. म्हणजे साठवणीचा क्रम उच्चाराचा आणि दर्शनाचा क्रम लिपीचा. आपल्या व्याकरणपरंपरेला हा भेद नवा नाही.

विंडोज २००० या प्रणालीपासून युनिकोड देवनागरी घरगुती संगणकांपर्यंत पोहोचू लागली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तरीही मराठीची काही खास गरज उरलीच होती. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद तुम्हांला ठाऊक आहे. यातील दुसरा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेल्या ‘र’चा (२३५३) उपयोग करून, किंवा साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. साध्या शोधात मात्र एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. कोशकार्य किंवा संहितासंपादन करणाऱ्याने ही बाब दुर्लक्षू नये.

आशय आणि आकृतिबंध

डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस ही शैलीभाषा मानक म्हणून मान्य झाली. मजकूर एचटीएमएलमध्ये आणि त्याचे रूप सीएसएसमध्ये, अशी फारकत झाली. आशय आणि आकृतिबंध वेगळे करता येत नाहीत, हे आपण कवितेविषयी शिकतो. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ते वेगळे केल्याशिवाय काम नीट होत नाही.

ही शैलीभाषा रोमन लिपीच्या परिसरात घडली आहे, हे वापरताना जाणवते. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची आज्ञा रोमन मजकुरात शोभून दिसते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. मराठी पानाचा रचनाकार हे पाहणारा असावा लागतो. अनेकदा तो तसा नसतो.

गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. मराठी आणि हिंदी येथे शेजारी नांदतात. दोन्ही भाषांत ‘ल’चा क्रमांक एकच, वळण वेगळे: मराठीत पाकळीयुक्त, हिंदीत दंडयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरवली. परंतु पानाची भाषा मराठी आहे अशी खूण एचटीएमएलमध्ये केली नाही, तर फॉन्टमध्ये मराठी वळण उपलब्ध असूनही हिंदी वळण उमटू शकते. एवढ्या लहानशा खुणेवर मराठी पानाचे मराठीपण अवलंबून असते.

हातातले पान

२०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या पानाची संकल्पना मांडली. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि अनेकांच्या दृष्टीने संकेतस्थळ म्हणजे तळहाताएवढे पानच झाले. सातबाराचा उतारा मोबाइलवर पाहणारा शेतकरी या टप्प्याचा वाचक आहे. त्याला गट क्रमांकासोबत गावाचे नावही देवनागरीत दिसते.

करून पाहा

आपल्या गावाचे नाव शोधयंत्रात आधी देवनागरीत आणि मग रोमन लिपीत लिहून शोधा. मिळणाऱ्या पानांतील फरक नोंदवा. त्यानंतर एखादे जुने मराठी शासकीय परिपत्रक पीडीएफ स्वरूपात उघडून त्यातील एक ओळ नक्कल करा आणि कोऱ्या पानावर चिकटवा. ओळ मराठीतच उमटली, तर ते अक्षर आहे. अगम्य चिन्हे उमटली किंवा ओळ निवडताच आली नाही, तर तुमच्यासमोर अक्षराचे केवळ चित्र आहे.