पाटीवर ‘डिजिटल’ आहे, आत काय आहे?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत स्टेशनबाहेरच्या रस्त्यांवर डायग्नोस्टिक सेंटरच्या पाट्या गेल्या काही वर्षांत बदलल्या. ‘मॅमोग्राफी’च्या आधी ‘डिजिटल’ हा शब्द आला. डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींनी त्यावरून दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांची पहिली तपासणी जुन्या पद्धतीच्या फिल्मवर झाली होती, ती कमी प्रतीची होती का? आणि ‘डिजिटल’ लिहिलेल्या दोन सेंटरच्या दरांत एवढा फरक कसा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गंमतीदार आहे आणि दुसऱ्याचं महत्त्वाचं.

आधी फिल्मची बाजू मांडायला हवी. मॅमोग्राफीची फिल्म ही एक्स-रे विभागातली सर्वांत बारकाव्याची फिल्म होती. एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या पंधरा ते वीस जोड्या ती वेगवेगळ्या दाखवू शके. आजच्या डिजिटल यंत्रातला एक चित्रबिंदू साधारण 50 ते 100 मायक्रॉनचा असतो, त्यामुळे त्याची मजल एका मिलिमीटरला पाच ते दहा जोड्यांपर्यंतच जाते. म्हणजे नुसती रेखीवता पाहिली तर फिल्म सरस आहे! तरीही जगाने फिल्म सोडली.

कारण समजायला कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाऊ. ऐन पावसाळ्यात धुकं उतरलंय आणि समोरून एक पांढरा टेम्पो येतोय. चालकाची नजर कितीही तीक्ष्ण असो, चष्म्याचा नंबर कितीही अचूक असो, टेम्पो दिसत नाही. अडचण नजरेची नाहीच. पांढऱ्यावर पांढरं आहे, ही अडचण आहे. स्तनाच्या एक्स-रेत नेमकं हेच होतं. चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. तरुण वयात ग्रंथींचा भाग जास्त, म्हणजे धुकं दाट. तिथे रेखीवतेपेक्षा पांढऱ्याच्या दोन छटांमधला सूक्ष्म फरक उमटणं मोलाचं, आणि फिल्म उणी पडायची ती याच बाबतीत. किरण थोडे कमी पोचले की सगळं पांढरं, थोडे जास्त पोचले की सगळं काळं. मधल्या अरुंद पट्ट्यातच ती नीट बोलायची. त्यातून डार्करूममधल्या डेव्हलपरचं तापमान जरा इकडेतिकडे झालं, की चित्राचा पोतच बदलायचा. एकदा धुतलेली फिल्म पुन्हा उजळ किंवा गडद करता यायची नाही. रेडिओलॉजिस्ट भिंग घेऊन प्रकाशपेटीसमोर बसायचे आणि जे उमटलंय त्यावरच निदान करायचे.

डिजिटल यंत्रात चित्र टिपणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि ते दाखवणं ही तीन वेगळी कामं झाली. डिटेक्टर हजारो छटांची नोंद ठेवतो आणि डॉक्टर पडद्यावर हवा तो भाग उजळ करून, मोठा करून पाहतात. याचा फायदा किती, हे अमेरिका आणि कॅनडातल्या 49,528 महिलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने 2005 मध्ये सांगितलं. एटा पिसानो यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकीची तपासणी फिल्मवरही झाली आणि डिजिटलवरही. सगळ्या महिला एकत्र धरल्या तर दोन्ही पद्धती तुल्यबळ ठरल्या! मात्र पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या किंवा नुकती जाऊ लागलेल्या, आणि दाट स्तन असलेल्या महिलांमध्ये डिजिटल स्पष्टपणे सरस ठरली. तेव्हा वाचक भगिनींनी निर्धास्त असावं. नीट काढलेली, नीट वाचलेली फिल्म वाया गेलेली नाही. उलट ती जपून ठेवावी. नव्या चित्रात काही दिसलं, तर ‘हे पूर्वीही होतं का’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

या चित्रात डॉक्टर गाठीइतकेच आणखी काही शोधत असतात : चुन्याचे अतिसूक्ष्म ठिपके. हाताला लागेल अशी गाठ तयार होण्याआधी कधी कधी फक्त हे ठिपकेच रोगाची खूण देतात. म्हणूनच तपासणीच्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा अंगाला पावडर लावून येऊ नका, असं सांगतात. त्यातले खनिजांचे कण एक्स-रेत अगदी तसेच दिसू शकतात.

हे ठिपके पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे क्वचितच घेतलं जातं. अल्बर्ट सॉलोमन हे बर्लिनमधले शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3,000 स्तनांचा अभ्यास करून, त्यांचे एक्स-रे काढून, त्यांनी 1913 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग कसा पसरतो ते त्यांनी चित्रात दाखवलं आणि ठिपक्यांचीही नोंद केली. पुढे पहिलं महायुद्ध आलं. त्यानंतर नाझी आले आणि ज्यू असल्यामुळे सॉलोमन यांचं विद्यापीठातलं काम सुटलं. 1938 मध्ये त्यांना छळछावणीत टाकलं. सुटका झाल्यावर ते हॉलंडला गेले, तिथेही पकडले गेले, निसटले आणि लपून राहून वाचले. त्यांची एकुलती एक मुलगी शार्लोट चित्रकार होती. तिला 1943 मध्ये ऑशविट्झला मारण्यात आलं. तिने मागे ठेवलेली सातशेहून अधिक चित्रं आज अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत आणि जगाला बापापेक्षा लेक जास्त ठाऊक आहे. सॉलोमन 1976 पर्यंत जगले. तोवर अमेरिकेत रॉबर्ट एगन यांनी मॅमोग्राफीचं तंत्र बसवलं होतं, फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांनी खास स्तनासाठीचं यंत्र घडवलं होतं. पाया मात्र 1913 चा, सॉलोमन यांचा. मॅमोग्राफीच्या प्रत्येक इतिहासात पहिलं नाव त्यांचंच यायला हवं.

या इतिहासातलं माझं दुसरं आवडतं पात्र म्हणजे सेलेनियम हे मूलद्रव्य. 1971 मध्ये झेरॉक्स कंपनीने मॅमोग्राफीचं एक यंत्र बाजारात आणलं. ऑफिसातल्या झेरॉक्समागचंच तत्त्व त्यात होतं. सेलेनियमच्या पत्र्यावर विद्युतभार द्यायचा, एक्स-रे जिथे पडतील तिथला भार कमी होतो, मग वर निळी पूड उधळून चित्र कागदावर घ्यायचं. चांगल्या फिल्म आल्या, त्यांना किरणही कमी लागत, आणि 1980 च्या दशकाअखेरीस ही पद्धत मागे पडली. पण आज अनेक डिजिटल यंत्रांच्या डिटेक्टरमध्ये तेच सेलेनियम बसलंय! एक्स-रेचं रूपांतर आधी प्रकाशात करावं लागत नाही, थेट विद्युतभारात होतं. त्यामुळे चित्र पसरट होत नाही.

आता दुसरा, दरांचा प्रश्न. ‘डिजिटल’ या एकाच पाटीखाली दोन वेगळी तंत्रं चालतात. एक सीआर, म्हणजे कॉम्प्युटेड रेडिओग्राफी. यात जुनंच यंत्र राहतं. फिल्मच्या कॅसेटऐवजी खास प्लेटची कॅसेट घालतात, ती दुसऱ्या यंत्रात नेऊन लेझरने वाचतात. दुसरं डीआर. यात डिटेक्टर यंत्रातच असतो आणि चित्र काही सेकंदांत समोरच्या पडद्यावर येतं. पहिलं स्वस्तात होतं, कारण सबंध यंत्र बदलावं लागत नाही. पण कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने आपल्या तपासणी कार्यक्रमाची आकडेवारी 2013 मध्ये मांडली तेव्हा धक्का बसला. डीआर आणि फिल्म जवळपास बरोबरीत होती, पण सीआरमध्ये कर्करोग सापडण्याची शक्यता फिल्मपेक्षा 21 टक्क्यांनी कमी होती. जुन्या फिल्मपेक्षा ‘नवं’ तंत्र मागे! ऑन्टारिओने त्यानंतर सीआर यंत्रं बदलून डीआर आणली.

हे ओळखणं अवघड नाही. तपासणीत सहसा चार चित्रं काढतात, प्रत्येक बाजूची दोन. प्रत्येक चित्रानंतर टेक्निशियन कॅसेट काढून दुसरी घालत असेल, तर ती सीआर आहे. काहीच न काढता चित्र पडद्यावर येत असेल, तर डीआर. फोन करून आधीच विचारायला हरकत नाही. एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना आहे का, हेही विचारा. किरणांची भीती मात्र बाळगू नका. एका तपासणीतला किरणोत्सर्ग साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट असतो, निसर्गातून आपल्याला दोन महिन्यांत मिळतो तेवढा. आणि स्तन दाबतात ते उगाच नाही. ऊती पसरतात, हालचाल थांबते आणि किरणही कमी लागतात.

यंत्र चांगलं असलं तरी रिपोर्ट वाचणारं माणूस तितकंच महत्त्वाचं. रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ असा आकडा असतो. तो शून्य आला की ‘धोका शून्य’ असं समजून लोक खूश होतात. शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, सोनोग्राफी किंवा आणखी चित्रं हवीत, असा आहे. दाट स्तनांत डिजिटल चित्रही काही गाठी दाखवत नाही. म्हणून गाठ हाताला लागत असेल तर ‘मॅमोग्राफी नॉर्मल आली’ म्हणून घरी बसू नये. किरण नाहीत, स्पर्श नाही अशी जाहिरात करत उष्णतेचं चित्र काढणारी शिबिरं भरतात. थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट दिलेला आहे.

यंत्रांच्या या चर्चेत आपल्या शेजारी झालेलं मोठं काम झाकलं जातं. 1998 पासून टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पथकाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या 1,51,538 महिलांचा अभ्यास केला. डॉ. इंद्रनील मित्रा हे त्याचे प्रमुख. दहावी शिकलेल्या स्थानिक महिलांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि निम्म्या वस्त्यांमध्ये त्यांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. छाननीसाठी मॅमोग्राफी वापरलीच नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये ‘बीएमजे’त आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्ण 37 टक्के होत्या, दुसऱ्या गटात 47 टक्के. सगळ्या वयांत मिळून मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर पुरेसा ठरला नाही. पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवलं गेलं.

भारतात 2022 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या अंदाजे 1,92,000 नव्या रुग्ण आढळल्या आणि 98,000 महिलांचा मृत्यू झाला. मृत्यूंचं हे प्रमाण इतकं मोठं आहे, कारण आपल्याकडे रोग उशिरा कळतो. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक महिलेची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी अपेक्षित आहे. ती होते का, कोण करतं, त्यांना प्रशिक्षण कोण देतं, याचा हिशेब कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकांकडे नागरिकांनी मागायला हवा. डीआर यंत्र ही त्यापुढची पायरी आहे. प्रशिक्षित हातांना काही लागलं, तर पुढचं चित्र तिथेच स्वच्छ यावं.

म्हणून आमच्या वाचक भगिनींना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना सांगणं एवढंच. जुन्या फिल्म कोरड्या जागी, पाकिटात ठेवा आणि दर वेळी सोबत न्या. सेंटरला सीआर की डीआर हे विचारा. आपल्याला तपासणी कधी आणि किती अंतराने हवी हे पाटीवरून ठरवू नका, डॉक्टरांशी बोलून वय आणि घरातला इतिहास पाहून ठरवा. आणि गाठ, खळगा, स्तनाग्रातून रक्त किंवा त्वचेत बदल दिसला, तर सणवार, लग्नकार्य, मुलांची परीक्षा संपायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.