धावपट्टीची पृष्ठस्थिती

धावपट्टीवरील पाणी, हिम, चिखल इत्यादींमुळे विमानाच्या चाकांना मिळणाऱ्या घर्षणात पडणारा फरक पृष्ठस्थितीवरून कळतो. उतरण्यापूर्वी वैमानिकास वारा, दृश्यमानता, ढगांची उंची व वातदाब कळवितातच. परंतु पावसाळ्यात मुंबईसारख्या विमानतळावर पाऊस किती पडला यापेक्षा पट्टीवर पाणी किती उरले, हे अधिक महत्त्वाचे असते. थर जाड असल्यास वेगातील चाक पृष्ठास टेकतच नाही. ते पाण्यावरून घसरत जाते व ब्रेक निरुपयोगी ठरतात. म्हणून पट्टीस दोन्ही बाजूंस उतार देतात व आडव्या खाचा पाडतात. मात्र उतरणाऱ्या चाकांचे रबर खाचांत साचत असल्याने ते वारंवार काढावे लागते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन संघटनेच्या ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या पद्धतीत पट्टीच्या प्रत्येक तृतीयांशास ० ते ६ पैकी अंक देतात. कोरड्या भागास ६, ३ मिमी.पर्यंत पाणी असल्यास ५ आणि त्याहून अधिक साचल्यास एकदम २. मिलिमीटरभराच्या या फरकाने उतरण्यास लागणारी लांबी पुष्कळच वाढते. मुंबईत १ जुलै २०१९ रोजी पावसात उतरलेले एक बोईंग ७३७ विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले. जीवितहानी झाली नाही. तथापि ती पट्टी काही दिवस बंद राहून सर्व वाहतूक आखूड दुय्यम पट्टीवरून चालवावी लागली.